लासलगाव : चार शब्दांची शिदोरी

आमच्या घरी अर्थशास्त्राचा तास रोज सकाळी साडेआठला सुरू होतो. भाजीवाला जिन्याखाली हाक देतो, ही खिडकीतून भाव विचारते, तो सांगतो, आणि पुढची दहा मिनिटे जे काही चालते त्याला पुस्तकात बाजारभावाची निश्चिती म्हणत असतील. आम्ही डोंबिवलीकर त्याला घासाघीस म्हणतो. कांदा महागला की त्याचा जाब मला द्यावा लागतो. "रोज एवढं वर्तमानपत्र वाचता, मग कांदा एकदम का वाढला ते सांगा की!" असे ही म्हणते, आणि मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी गप्प बसतो. कांदा स्वस्त झाला की मात्र कोणी कोणाला जाब विचारीत नाही. स्वस्ताईचा खुलासा मागण्याची आपल्याकडे रीत नाही.

तो खुलासा मागणारा माणूस मला वर्गात भेटला. २०२३ च्या सुरुवातीची गोष्ट. एम. ए.च्या वर्गाला मी 'शेतकऱ्याचा असूड' शिकवीत होतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेला हा ग्रंथ शिकवताना माझा आवाज जरा चढतो, असा माझा लौकिक आहे. त्या दिवशीही तो चढला असावा. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा दाराशी थांबला आणि अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही कधी कांद्याचा लिलाव पाहिलाय का?"

मी पाहिला नव्हता. कांदा मी आजवर फक्त पिशवीत आणि ताटात पाहिला होता.

मुलगा निफाड तालुक्यातला, लासलगावजवळच्या एका खेड्यातला. कल्याणला मामाकडे राहून शिकत होता. घरी त्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, म्हणून इथे मीही त्याला भाऊच म्हणतो. "सुट्टीत आमच्याकडे या, सर. नाना म्हणतात, सरांना एकदा बाजार दाखवू." नाना म्हणजे त्याचे वडील.

मे महिन्यात जायचे ठरले, तेव्हा स्टाफरूममध्ये आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकमित्रांनी मला गाठले. ते म्हणाले, "तुम्ही मराठीवाले तिथे जाल, दोन अश्रू ढाळाल आणि दिवाळी अंकात लेख लिहाल. त्यापेक्षा शिदोरीला चार शब्द घेऊन जा. शब्द हे चष्म्यासारखे असतात. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांतून दिसते." मी डायरी काढली आणि त्यांनी सांगितलेले चार शब्द उतरवून घेतले : मागणी-पुरवठा, कोळ्याचे जाळे, माहितीची विषमता आणि रुजलेला बाजार. पहिला शब्द मला ठाऊक होता. उरलेल्या तिघांचा अर्थ त्यांनी चहाच्या एका कपात समजावून दिला. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून मराठी माणसाला अर्थशास्त्राची ओळख करून दिली. तिथपासून पावणेदोनशे वर्षे आमची ही शिकवणी चालूच आहे, असे मनाशी म्हणत मी कल्याणला गाडीत बसलो.

कसाऱ्याचा घाट चढून गाडी इगतपुरीला आली की हवा बदलते, आणि नाशिक मागे पडले की जमीन बदलते. निफाडच्या अलीकडे-पलीकडे रुळांच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागतात. एप्रिलची खरड छाटणी होऊन गेली होती. तारांवर कोवळी फूट पसरली होती. मधूनच कांदा काढून मोकळी झालेली शेते, आणि त्यांच्या बांधावर पातीने झाकलेले कांद्याचे ढीग. उगाव गेले आणि लासलगाव आले. गाडीतून उतरताच नाकाला पहिली वर्दी मिळाली. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून या गावाचे नाव घेतात. त्या मोठेपणाची पाटी कुठे शोधावी लागत नाही. ती हवेतच असते.

भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नाना अंगणातच होते. साठीच्या आसपासचे, सडसडीत, बोलायला मोजके. "या सर. उन्हाचं लई तरास झाला असंल," एवढेच म्हणाले आणि स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला. वहिनींनी पिठले-भाकरी वाढली आणि नानांनी बुक्कीने कांदा फोडून माझ्या ताटात ठेवला. इतकी वर्षे मी चिरलेला कांदा खाल्ला. फोडलेल्या कांद्याची चव निराळी असते हे चाळिशी उलटल्यावर कळले.

जेवणानंतर नानांनी मला चाळ दाखवली. आम्हा डोंबिवलीकरांना चाळ म्हटले की सामाईक गॅलरी आणि नळावरची भांडणे आठवतात. ही चाळ कांद्याची. लांबोडकी, अरुंद, जमिनीपासून उचललेली. भिंतींच्या जागी पट्ट्या, म्हणजे खालून आणि बाजूंनी वारा खेळता राहावा. वर पत्रे. उन्हाळ कांदा चांगला सुकवून यात भरला की चार-सहा महिने राहतो. पावसाळ्यातला लाल कांदा असा टिकत नाही. तो काढला की विकायचा. मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदाच देशाला दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो, आणि तो पुरतो तो अशा हजारो चाळींमुळे.

"पण समदा राहत नाही बरं का, सर," नाना म्हणाले. "काही सुकून वजनाला घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. चांगल्या साली पंचवीस-तीस टक्के गेला असं धरायचं. यंदा तर मार्चात, एप्रिलात गारपीट झाली. पाणी पिऊन बसलेला कांदा हा. किती दिवस दम धरतो, बघायचं."

लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेले एक विकिरण केंद्र आहे. कांद्यावर गॅमा किरण सोडून त्याला कोंब येऊ नयेत, असा मूळ हेतू. अणुशक्ती काय आणि नानांची पट्ट्यांची चाळ काय, दोघांची खटपट एकच : कांद्याला थांबायला शिकवायचे. हे त्या वेळी मी गमतीने मनात म्हटले. ते वाक्य पुढे इतके कामाला येईल असे वाटले नव्हते.

संध्याकाळी अंगणात बाजा पडल्या आणि मी शिदोरीतला एक शब्द सोडला. कोळ्याचे जाळे! १९२८ साली जर्मनीत आर्थर हानाऊ या अभ्यासकाने डुकरांच्या भावांची नोंद तपासली. भाव चढले की सगळे शेतकरी डुकरे पाळतात, ती मोठी होऊन बाजारात आली की भाव कोसळतात. मग सगळे पाळणे सोडतात आणि पुन्हा भाव चढतात. आलेखावर हे चक्र काढले की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते, म्हणून १९३४ मध्ये निकोलस काल्डॉर यांनी त्याला तेच नाव दिले. मी नानांना ते समजावून सांगितले आणि शेवटी शहाणपणाने म्हणालो, "म्हणजे नाना, गेल्या वर्षीचा भाव बघून यंदाची लागवड करणे, हीच चूक."

नानांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ही गोष्ट आमच्या गावात पोरासोरांनाबी ठावं हाये, सर. भाव पडनार हे मला ठावं असतं, शेजाऱ्यालाबी ठावं असतं. पन मी कांदा नाही लावला अन् त्यानं लावला, तर भाव कमी होनार तो होनारच. अन् त्यानं नाही लावला, मी लावला, तर माझं भलं. मग मी कशाला ऱ्हाऊ? अन् दुसरं लावू तरी काय? द्राक्षाला भांडवल लागतं दांडगं. टमाटं चार दिस ऱ्हात नाही. मका लावला तर पैसा किती येनार? कांदा हे गरिबाचं नगदी पीक. चार महिन्यांत पैसा."

माझ्या डायरीतल्या जाळ्यातला शेतकरी मागच्या वर्षीचा भाव बघून फसणारा, जरासा भोळा होता. अंगणातला शेतकरी भोळा नव्हता. त्याला जाळे दिसत होते. त्यातून बाहेर पडायची वाट एकट्याला नव्हती, एवढेच. एकेकट्याचे शहाणपण एकत्र आले की त्याचा मूर्खपणा होतो, याला काही भोळेपणा म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या शेजारी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून मी बाजार समितीच्या आवारात दाखल झालो. प्राध्यापकाने आयुष्यात एकदा तरी अशा आसनावरून जगाकडे पाहावे. आवारात शेकडो ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या रांगा धरून उभ्या होत्या. कुणाची ट्रॉली पातीने झाकलेली, कुणाची ताडपत्रीने. लिलाव सुरू होताच मंडळींचा एक घोळका रांगेच्या तोंडाशी आला. पुढे बाजार समितीचा पुकारा करणारा माणूस, भोवती व्यापारी. एका ट्रॉलीपाशी थांबायचे, वरचे चार कांदे उचलायचे, रंग बघायचा, पत्ती सुटते का बघायचे, एखादा दाबायचा. की पुकारा सुरू. "पाचशे... साडेपाचशे... ऐंशी... सहाशे..." एका ट्रॉलीला पुरते मिनिटभरही नाही. घोळका पुढे सरकतो. मागे शेतकऱ्याच्या हातात एक चिठ्ठी राहते.

चार-पाच महिन्यांच्या पिकाची किंमत एका मिनिटात ठरते, हे पाहून पोटात कालवते खरे. पण मित्राचा तिसरा शब्द मला आठवला आणि डोळे उघडे ठेवून पाहू लागलो. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मोटारीतली खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच मोटारींना कमी भाव देतो, मग चांगली मोटार असलेला माणूस बाजारात येतच नाही आणि शेवटी खोटाच माल उरतो. या विचारासाठी त्यांना २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इथे ट्रॉलीच्या वर दिसतो तो कांदा सर्वांना दिसतो. तळाचा कांदा फक्त शेतकऱ्याला माहीत. उलट, आज कलकत्त्याला, चेन्नईला, दुबईला काय मागणी आहे, ते व्यापाऱ्याच्या फोनला माहीत. दोघेही अर्ध्या अंधारात उभे राहून सौदा करतात. माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा करताना तळाशी भिजका, फुटका निघाला की त्याला 'वांधा' म्हणतात, आणि मग भाव तोडण्यावरून हुज्जत सुरू होते. वांधा हा शब्द आपण रोज वापरतो. तो इतका महाग असतो हे मला तिथे कळले.

आमच्या ट्रॉलीपाशी घोळका आला. एका पोक्त व्यापाऱ्याने नानांकडे पाहिले, कांद्यात हात घातला, पण खालपर्यंत नाही. "नानांचा माल. तळाला हात घालायचं काम नाही," असे तो शेजाऱ्याला म्हणाला. पुकारा आजूबाजूच्या ट्रॉल्यांपेक्षा जरा वर गेला आणि ६८१ वर तुटला. क्विंटलला सहाशे एक्याऐंशी रुपये. म्हणजे किलोला सात रुपयेही नाहीत.

इथे चौथा शब्द दिसला. कार्ल पोलान्यी यांनी १९४४ साली असे मांडले की बाजार हा समाजापासून सुटा नसतो. तो नात्यागोत्यांत, रीतिरिवाजांत रुजलेला असतो, आणि त्याला तिथून उपटायला गेले की समाज दुखावतो. क्लिफर्ड गीर्ट्झ मोरोक्कोतल्या सेफ्रू गावचा बाजार अभ्यासत बसले, तेव्हा त्यांनाही हेच दिसले : जिथे मालाची आणि भावाची खात्री नसते तिथे माणसे खात्रीचा माणूस शोधतात, आणि पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जातात. आमची ही त्याच भाजीवाल्याशी रोज भांडते आणि रोज त्याच्याकडूनच घेते. तो वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतो. ते नाते आणि हे नाते एकच. नानांनी पंचवीस वर्षे तळाशी वाईट कांदा घातला नाही, त्याचे आज क्विंटलमागे वीस-तीस रुपये मिळाले. सचोटीचा एवढा नेमका दर मी कुठल्याच संतचरित्रात वाचला नव्हता.

पण खळ्यावर माल रिकामा होत असताना तो पोक्त व्यापारी कांद्याकडे पाहत नानांना म्हणाला, "नाना, हा तर चाळीचा माल. कोरडा, पत्तीचा. हा आत्ता का काढला?" नाना नुसते हसले. बायका भराभर कांदा निवडत होत्या. मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे, खराब तिसरीकडे. हमाल गोण्या शिवत होते. व्यापाऱ्याचा प्रश्न त्या गडबडीत विरून गेला. माझ्या कानात मात्र राहिला.

हिशोबाची पट्टी भाऊने मला दाखवली. बावीस क्विंटल, दर ६८१, एकूण १४,९८२ रुपये. खर्चवेच वजा जाता हातात चौदा हजारांच्या आसपास. नानांच्या हिशोबाने त्यांना कांदा क्विंटलला हजार-बाराशेला पडला होता. म्हणजे एका क्विंटलमागे तीनशे ते पाचशेचा तोटा. मी भाऊला विचारले, "चाळीत घालण्यासारखा माल होता, तर मग तोट्यात का विकला?" भाऊ पट्टीची घडी घालू लागला. एकदा घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "फीचं होतं, सर. एकतीस तारखेच्या आत भरायची आहे ना."

ते परिपत्रक मीच वर्गात वाचून दाखवले होते. थकलेली फी ३१ मेच्या आत न भरल्यास निकाल राखून ठेवण्यात येईल. वर्गशिक्षक म्हणून ते माझे कामच होते. वाचून झाल्यावर मी कागद वहीत ठेवला होता आणि 'शेतकऱ्याचा असूड' पुढे शिकवायला घेतला होता.

निघताना नानांनी कांद्याची एक गोणी माझ्यासाठी काढून ठेवली होती. मी पाकीट काढले. काय भाव द्यावा, हा पेच होताच; सकाळच्या लिलावाचा सात रुपये द्यावा, की डोंबिवलीचा वीस रुपये? नानांनी माझा हात धरून पाकीट परत खिशात ठेवायला लावले. "भाव बाजारात असतो, सर. घरात नसतो."

परत आल्यावर मी मित्राला सगळे सांगितले. म्हटले, तुमचे चारही शब्द कामाचे. पण मला वाटते एक पाचवा हवा होता. भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो खरा, पण त्याच्या आधी एक गोष्ट ठरलेली असते : कोणाला किती दिवस थांबता येते. नानांची चाळ म्हणजे थांबण्याची जागा. व्यापाऱ्याचे खळे, त्याची बँकेतली पत, ही त्याची थांबण्याची ताकद. आणि तीही अमर्याद नाही, कारण खळ्यात पडलेला कांदा त्याच्यासाठीही सडतोच. आमची ही भाव चढला तर आठवडाभर कांदा न घेता थांबू शकते. ज्याच्या मुलाची फी ३१ तारखेला भरायची आहे, त्याला चाळ असूनही थांबता येत नाही.

मित्र हसून म्हणाले, "हा शब्द तुमचा नव्हे. अ‍ॅडम स्मिथचा आहे." आणि त्यांनी १७७६ सालचा तो ग्रंथ उघडून मजुरीवरचे प्रकरण पुढे ठेवले. मालक आणि मजूर यांच्यात तंटा झाला तर कोण जिंकतो, याचा विचार स्मिथने तिथे केला आहे. त्याचा आशय असा, की मालक साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो, मजुरांतल्या पुष्कळांना आठवडाही काढता येत नाही, म्हणून मालक जिंकतो. ज्या स्मिथचे नाव 'अदृश्य हाता'साठी घेतात, त्यानेच हा उघड दिसणारा हातही दाखवून ठेवला होता. आम्ही तो पाहिला नव्हता, इतकेच.

मी कार्यालयात गेलो. हेडक्लार्क माझे जुने स्नेही. "सर, नियम आहे," ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. मग प्राचार्यांकडे गेलो. दोन सहकारी बरोबर आले. बरीच चर्चा झाल्यावर एवढे झाले, की शेतकरी घरातल्या विद्यार्थ्याने अर्ज केला तर फी दोन हप्त्यांत घ्यावी आणि दुसरा हप्ता दिवाळीनंतर. मोठी क्रांती नव्हे. पण तो निर्णय जूनमध्ये झाला आणि नानांची ट्रॉली मेमध्ये विकली गेली होती.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांनी सांगितलीच आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सर्वांत कोरडा ठरला. नवा लाल कांदा लांबणार असे दिसू लागले आणि भाव हलले. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवले. व्यापाऱ्यांनी लिलाव काही दिवस बंद ठेवले. २० सप्टेंबरपासून पुन्हा, सुमारे दोन आठवडे. सरकार थांबवू शकते, व्यापारी थांबू शकतो. चाळीतला कांदा मात्र त्या दोन आठवड्यांतही सडत होता. पुढे २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत लागली आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती उठली २०२४ च्या ४ मेला. राहिलेले शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ ला. यात सरकारची बाजू नव्हती असे नाही. आमच्यासारख्या लाखो घरांतल्या खिडक्यांमधून येणारा आवाज दिल्लीला ऐकू जातो. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याने तो चांगलाच ऐकवला होता. खिडकीतल्या त्या आवाजात आमच्या हिचा आवाज आहे, आणि माझाही. तो भाव वाढला की उठतो. सहाशे एक्याऐंशीला तो उठत नाही.

ऑक्टोबर संपता संपता भाजीवाल्याने कांदा सत्तर रुपये सांगितला. नानांची गोणी केव्हाच संपली होती. ही खिडकीतून मागे वळली. मला वाटले, आता जाब द्यावा लागणार. पण लासलगावची सगळी कथा मी घरी सांगितलेली होती. ही म्हणाली, "अहो, नानांना फोन करा. निदान आता तरी त्यांना चांगला भाव मिळत असेल."

मी फोन केला. नानांचा आवाज तसाच, मोजका. "चाळ ऑगस्टातच फोडली, सर. गारपिटीचा माल, टिकंना. तिसरा हिस्सा तर फेकूनच दिला. राहिला तो बऱ्या भावानं गेला. आज चार-साडेचार हजार चाललाय म्हनत्यात, पन आता घरात खायापुरता हाये."

काय बोलावे ते मला सुचेना. मग त्यांनीच विचारले, "तिकडं लई महाग झाला असंल ना? वहिनींना सांगा, लाल कांदा निघाला की पाठवतो गोनी."

त्या दिवाळीला भाऊ मामाकडून गावी जाणार होता. हिने फराळाचा मोठा डबा भरला आणि त्याच्या हाती दिला. चकल्या, चिवडा, करंज्या. माझे मित्र याला 'परतभेट' म्हणतील. १९२५ साली मार्सेल मोस यांनी भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आहे आणि घेतलेली भेट परत करण्याचे बंधन जगभर पाळले जाते असे त्यात दाखवले आहे. मी तो शब्द हिला सांगितला नाही. भाऊने अर्जासोबतची पावती मला दाखवली. पहिला हप्ता त्याने भरला होता, दुसरा दिवाळीनंतर.

"यंदा नानांनी काही विकलं नाही ना फीसाठी?" मी विचारले.

"नाही, सर," तो म्हणाला. "नाना म्हणाले, यंदा थांबता आलं."